अपग्रेड, अपग्रेड आणि आपली सहा इंची

सरळ मुद्द्यावर येते. आपल्या खगोल क्लबकडे या वर्षी पहिल्यांदाच बऱ्यापैकी पैसे जमलेत. टेक फेस्टमधले उरलेले आणि माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले, असे मिळून. आता त्या पैशांचं काय करायचं यावर बॉइज हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज रात्री चर्चासत्र भरतंय म्हणे. (आम्हाला तिथे प्रवेश नाही, त्यामुळे बातमी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कळते.) बहुमत असं दिसतंय की जुनी सहा इंची न्यूटोनियन दुर्बीण एखाद्या शाळेला देऊन टाकायची आणि दहा इंची, मोटरवर फिरणारी, हँडसेटवर बटण दाबलं की आपोआप तारा शोधणारी नवी न्यूटोनियन घ्यायची. ती मेन बिल्डिंगच्या गच्चीवर सिमेंटचा खांब बांधून कायमची बसवायची. उद्घाटनाला पाहुणे कोण, इथपर्यंत गाडी गेली आहे!

माझा या ठरावाला विरोध आहे. आणि तो 'जुनं ते सोनं' छापाचा विरोध नाही. मी टी.ई. मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे, मला नवीन मशीन बघितली की हात शिवशिवतात. पण गेली दीड वर्षं लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जणी ती सहा इंची वापरतोय, उघडतोय, जोडतोय. त्यावरून माझं ठाम मत झालंय की अपग्रेडची सुरुवात मोठ्या आरशापासून करणं म्हणजे बेअरिंग घासलेलं असताना गाडीला मोठं इंजिन बसवणं.

(एक सूचना. मी कॉन्व्हेंटवाली. 'फोकल लेंग्थ'ला मराठीत 'नाभीय अंतर' म्हणतात आणि 'पॅराबोला'ला 'अन्वस्त', हे मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं. शब्द मस्त आहेत, पण व्हायवाला वापरायची हिंमत नाही. शुद्धलेखनाचं काय ते संपादकांनी बघून घ्यावं.)

ज्यांनी आपली दुर्बीण पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. १५० मिमी व्यासाचा आरसा, १२०० मिमी फोकल लेंग्थ, म्हणजे एफ/८. आरसा आपल्याच सिनिअर्सनी काही वर्षांपूर्वी हाताने घासून बनवलाय. नळी पीव्हीसीची आणि खालचं डॉब्सोनियन खोकं प्लायवुडचं. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "ही काय पाण्याची लाइन आहे का?" न्यूटनने १६६८ मध्ये अशा प्रकारची पहिली दुर्बीण बनवली, तिचा धातूचा आरसा जेमतेम सव्वा-दीड इंचाचा होता. पण रचना आजही तीच आहे. तळाशी अंतर्वक्र आरसा, तोंडाजवळ तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा आणि बाजूला आयपीस. बस्स. साडेतीनशे वर्षांत यात लपवण्यासारखा एकही भाग आलेला नाही. टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर आणि अ‍ॅलन की असेल तर अख्खी दुर्बीण पंधरा मिनिटांत चटईवर सुटी होते. माझ्या दृष्टीने एखादी वस्तू 'आपली' असणं म्हणजे हेच. बिल कुणाच्या नावावर आहे हा मुद्दा नंतरचा.

आता बाजाराबद्दल थोडं, कारण अपग्रेडचा किडा तिथूनच चावतो. हॉस्टेलमध्ये निदान तीन जणांकडे वाढदिवसाला मिळालेली ११४ मिमीची न्यूटोनियन आहे. (एकीच्या स्टँडवर सध्या टॉवेल वाळत असतो.) अशा खोक्यावर मोठ्या अक्षरांत '६७५ पट' छापलेलं असतं. हिशेब खोटा नाही. ९०० मिमीला ४ मिमीच्या आयपीसने भागा, २२५ येतात. त्यात तीन पटीची बार्लो लावा, झाले ६७५. पण आरशाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ११४ मिमीला साधारण २२८ पट, यापुढे नुसता धूसर गोळा मोठा होत जातो. नवीन काही दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे आखूड नळीचे काही मॉडेल्स. नळी हातभर आणि फोकल लेंग्थ लिहिलेली १००० मिमी! तिथे फोकसरच्या आत एक भिंग बसवून फोकल लेंग्थ ताणलेली असते आणि ते भिंग मध्ये असताना आरसे जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. घेणारा बिचारा गुरूचे पट्टे बघायला जातो, पांढरा बटाटा बघतो आणि ठरवतो की 'मला मोठी दुर्बीण हवी'. त्याला हवी असते ती सरळ जुळवलेली दुर्बीण आणि एक बरा आयपीस.

तोच न्याय आपल्या सहा इंचीला लावून बघू. तिच्यातून कमी दिसतं ही तक्रार मी पण ऐकली आहे. पण का कमी दिसतं?

पहिलं कारण गेटवरचा हायमास्ट. कॅम्पसवरून देवयानी दीर्घिका म्हणजे कापसाचा एक मळकट बोळा. याला उपाय दहा इंची नाही. मोठा आरसा दीर्घिकेचा प्रकाश जितका वाढवतो तितकाच हायमास्टने उजळलेल्या आकाशाचाही वाढवतो. गेल्या नोव्हेंबरात अमावास्येला धरून आम्ही पाटणच्या पुढे, डोंगरात एका मैत्रिणीच्या गावी गेलो. घरून परवानगीची पत्रं, रेक्टर मॅडमची सही, सगळं रीतसर. नळी वडापच्या जीपच्या टपावर बांधली, खोकं पायाशी आणि आरसा वेगळा काढून टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर घेतलेला. शेजारच्या आजींना वाटलं देवाचं ताट आहे. त्या रात्री त्याच सहा इंचीतून देवयानी अख्ख्या दृष्टिक्षेत्रात पसरली होती, आणि तिच्या दोन्ही सोबती दीर्घिका, एम ३२ आणि एम ११०, अगदी वेगवेगळ्या. एम ३३ ही दीर्घिका तर आम्ही कॅम्पसवरून चार महिने शोधत होतो. तिथे ती दहा मिनिटांत सापडली. खर्च काय, तर जीपचं भाडं. सिमेंटच्या खांबावर बसवलेली दुर्बीण डोंगरात कशी न्यायची ते ठराववाल्यांनी सांगावं.

दुसरं कारण हवा आणि ऊन. दुर्बिणीच्या आरशाची बारीक तपशील वेगळे करण्याची क्षमता व्यासावर ठरते. १५० मिमीला सुमारे ०.७७ आर्कसेकंद, दहा इंचीला ०.४६. कागदावर दहा इंची जिंकली. पण साध्या ठिकाणची हवा बहुतेक रात्री दोन आर्कसेकंदांच्या आसपास प्रतिमा हलवत असते. त्यात आपली गच्ची दिवसभर तापलेली. रात्री आठला स्लॅबवर हात ठेवून बघा, चपाती भाजेल. त्या उकळत्या हवेत दोन्ही दुर्बिणींतून गुरू सारखाच नाचणार. त्यातून आरशाची काच स्वतःही खोलीची ऊब घेऊन आलेली असते. जाड काच निवायला तास-दीड तास लागतो, आणि आरसा जितका मोठा आणि जाड तितकी जास्त वाट बघायची. आम्ही भंगारातल्या सीपीयूचा १२ व्होल्टचा पंखा आरशाच्या मागे रबरबँडने लटकवलाय. रबरबँड अशासाठी की थरथर आरशापर्यंत जाऊ नये. (व्हायब्रेशन आयसोलेशन! बघा, तो चॅप्टर ऑप्शनला टाकू नका.) दुर्बीण सात वाजता गच्चीवर, जेवण, मग साडेआठला बघायला. फरक इतका पडतो की पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी आयपीस बदलला.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. न्यूटोनियन दुर्बीण उचलली, ठेवली, जिन्यावर आपटली की जुळणी थोडी हलतेच. गिटार वाजवण्याआधी सुरात लावतात तसं हे दर वेळी करायचं काम आहे. आमची पद्धत सांगते. आरसा बाहेर काढून बरोबर मध्यावर एक गोल चिकट रिंग लावली, जर्नलच्या पानाचं भोक फाटू नये म्हणून लावतो ना, तीच. तो मध्यभाग तसाही छोट्या आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे प्रकाशाचं नुकसान काही नाही. मग आयपीसच्या जागी मधोमध बारीक भोक पाडलेलं झाकण बसवायचं आणि त्यातून बघत आधी छोटा आरसा, मग मागच्या तीन स्क्रूंनी मोठा आरसा जुळवायचा. एकीने बघायचं, एकीने फिरवायचं, आणि दोघींनी 'डावीकडे' म्हणजे कुणाचं डावीकडे यावर भांडायचं. शेवटी ध्रुव ताऱ्यावर तपासणी. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण १७ अंशांवरच असतो, पण हलत नाही, म्हणून सोयीचा. जास्त पटीचा आयपीस लावून तारा किंचित फोकसबाहेर नेला की वर्तुळात वर्तुळं दिसतात. ती समकेंद्री असली की काम झालं.

आता ठराववाल्यांनी इथे कान द्यावा. त्यांनी निवडलेली दहा इंची एफ/४.७ आहे, म्हणजे फोकल लेंग्थ पुन्हा १२०० मिमीच! त्याच आयपीसने पट तीच राहणार, प्रतिमा फक्त उजळ होणार. आणि न्यूटोनियनमध्ये कोलिमेशनची चूक पोटात घालण्याची क्षमता एफ रेशोच्या घनाप्रमाणे बदलते. ८ भागिले ४.७, त्याचा घन, जवळजवळ ५. म्हणजे आपली सहा इंची जितकी चूक माफ करते त्याच्या पाचवा हिस्साच ती करणार. जे लोक सहा इंची कधी जुळवत नाहीत (बॉइज हॉस्टेलकडून आमच्याकडे आली तेव्हा छोटा आरसा चक्क दाराच्या दिशेने बघत होता) ते दहा इंची रोज जुळवतील? पाचपट काटेकोरपणे? माफ करा, मला नाही वाटत.

आरशाच्या सफाईची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुर्बीण आमच्याकडे आली तेव्हा आरशावर रुमालाने पुसल्याचे ओरखडे होते. ज्याने कुणी पुसला त्याने ते भल्या मनानेच केलं असणार, पण आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो आणि घरातल्या आरशासारखा तो काचेच्या मागे नसतो, पुढे उघडा असतो. धूळ दिसते म्हणून कधीही पुसू नका. अगदीच वाईट अवस्था झाली तर नळाखाली धार, मग दोन थेंब साबणाच्या पाण्यात कापूस नुसता सोडल्यासारखा फिरवणं, मग बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरने धुणं आणि उभा ठेवून वाळवणं. वर्षातून एकदा फार झालं. पावसाळ्यात आरसा काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या चामड्याच्या बुटालाही बुरशी येते, आयपीसला का नाही येणार?

बाकीची कामं पटकन सांगते. नळीच्या आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग मारला, त्याने आकाशाची पार्श्वभूमी जास्त काळी दिसू लागली. खोक्याच्या तळाला सनमायका आणि टेफ्लॉनचे तुकडे लावले, त्यामुळे आता नळी एका बोटाने सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. आणि सगळ्या जणींनी वर्गणी काढून ३२ मिमीचा एक चांगला प्लॉस्ल आयपीस घेतला. ३७ पट आणि एकशे तेहतीस शतांश अंशाचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे अडीच चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. आयपीस सोडला तर सगळा खर्च एका सेमिस्टरच्या झेरॉक्सएवढा झाला असेल. आयपीसचा एक फायदा असा की दुर्बीण बदलली तरी तो राहतो.

मोठ्या दुर्बिणीला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. व्यास वाढला की दिसतं जास्त, यात वादच नाही. दहा इंची आरशाचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या २.८ पट, म्हणजे साधारण १.१ प्रतीने मंद तारे दिसतील. अंधाऱ्या आकाशाखाली नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दहा इंचीतून काय दिसत असेल या विचाराने मलाही झोप येत नाही. (तो युरोपातून धड दिसतच नाही, आपल्याकडून एप्रिलमध्ये मध्यरात्री दक्षिणेला चांगला २५ अंश वर येतो. परीक्षेच्या तोंडावर, पण येतो.) फोटो काढायचे असतील, रूपविकारी ताऱ्यांची मोजमापं करायची असतील, तर मोटर हवीच. पण क्लबमध्ये आत्तापर्यंत असा प्रोजेक्ट कुणी मांडलेला मला आठवत नाही. मोटर हवी आहे ती कारण हँडसेटवरचे आकडे छान दिसतात, आणि इन्स्पेक्शनला पाहुणे आले की दाखवायला बरं. हे कारण वाईट नाही, पण मग तसं म्हणा.

विल्यम हर्शेलचं उदाहरण इथे फार चपखल आहे. हा मूळचा संगीतकार, बाथ गावात ऑर्गन वाजवायचा. १३ मार्च १७८१ ला त्याला युरेनस सापडला तो स्वतः घासलेल्या ६.२ इंची आरशाच्या न्यूटोनियनमधून. म्हणजे आपल्या सहा इंचीची थोरली बहीणच! उलट त्याचा आरसा तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा, प्रकाश परत पाठवण्यात आपला ॲल्युमिनियमवाला त्याच्यापेक्षा सरस. पुढे राजाच्या पैशाने त्याने ४८ इंची आरशाची, चाळीस फुटी अवाढव्य दुर्बीण उभी केली. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली. लोक लांबून बघायला यायचे. पण ती हलवायला माणसं लागायची, तयारीत वेळ जायचा, आरसा लवकर काळवंडायचा, आणि हर्शेल आपलं बरंचसं काम जुन्या वीस फुटी दुर्बिणीवरच करत राहिला. दोनशे वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात पटाईत माणसाला जे झेपलं नाही ते आपल्या क्लबच्या सेक्रेटरीला झेपेल, अशी मी आशा करते.

त्याची बहीण कॅरोलिन. तो आरसा पॉलिश करत असताना हात सोडता यायचे नाहीत म्हणून ती त्याला घास भरवायची, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, त्यातला पहिला १७८६ मध्ये, एका छोट्याशा न्यूटोनियनमधून, हे मात्र कमी ठिकाणी. धूमकेतू सापडण्याचं एक कारण साधं होतं. ती दुर्बीण तिच्या हाताशी होती.

आता खरा मुद्दा, जो मेसमधल्या चर्चेत येणं शक्यच नाही. मेन बिल्डिंगची गच्ची. आमचा इन-टाइम रात्री नऊचा. नऊनंतर लेडीज हॉस्टेलच्या बाहेर पाऊल टाकायचं तर अर्ज, कारण, सही. एखाद्या कार्यक्रमाला ते जमतं, रोज नाही जमत. आणि आकाश काही कार्यक्रमपत्रिका बघून स्वच्छ होत नाही. मंगळवारी रात्री दहाला ढग अचानक उघडतात आणि अकराला परत येतात, तो एक तास ज्याच्या हाताशी दुर्बीण आहे त्याचा. दहा इंची, तिचं माउंट, तिवई, वजनं मिळून चाळीस किलोच्या वर जातात. ती खांबावरून उतरणार नाही. मग कागदावर ती 'कॉलेजची' दुर्बीण असेल आणि प्रत्यक्षात कॅम्पसवरच्या मुलींसाठी नसल्यासारखीच. सहा इंची मात्र नळी आणि खोकं मिळून वीस किलोच्या आत आहे, दोघी जणी दोन फेऱ्यांत तीन जिने चढवतो. रेक्टर मॅडमनी गच्चीची चावी दिली, 'कठड्याजवळ जायचं नाही' एवढ्या एका अटीवर. त्यांचे आभार इथे छापून यावेत अशी माझी इच्छा आहे.

२०२४ च्या डिसेंबरात, मी एस.ई.ला असताना, आम्ही मेसच्या मावशींना वर बोलावलं. शनीची कडी तेव्हा फार तिरपी झाली होती (२०२५ च्या मार्चमध्ये तर पृथ्वी बरोबर त्यांच्या पातळीतून गेली), त्यामुळे नुसती एक बारीक रेघ. मावशी बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बोराला काडी टोचल्यागत दिसतंय गं." मी आजवर ऐकलेलं शनीचं ते सगळ्यात अचूक वर्णन आहे. मग त्यांनीच आम्हाला शिकवायला घेतलं. मी ज्याला ओरायन म्हणत होते तो मृग, पट्ट्यातले तीन तारे म्हणजे त्या हरणाला लागलेला बाण आणि मागे तो मारणारा व्याध. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. (तेव्हा सप्तर्षी उगवायला वेळ होता, मावशींनी फरशीवर खडूने काढून दाखवले.) आता आमच्यातली कुणीही फाइंडर न लावता मृगातल्या तेजोमेघावर नळी नेते, बाणाच्या खाली, बस्स. हँडसेट हे काम सेकंदात करतो हे मान्य. पण बॅटरी संपली की हँडसेटवाल्याला आकाश अनोळखी, आणि मावशींना नाही.

खालच्या प्लायवुडच्या खोक्याला ज्यांचं नाव आहे ते जॉन डॉब्सन १९४४ पासून कॅलिफोर्नियातल्या रामकृष्ण परंपरेच्या वेदांत मठात साधू होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवुड, असल्या साहित्यातून ते दुर्बिणी बनवायचे आणि रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. म्हणून ती आपल्या सिनिअर्सना फुकटात बनवता आली.

मग पैशांचं काय करायचं? माझा पर्यायी ठराव असा. सहा इंची राहू द्यायची. तिच्या आरशाला नवीन कोटिंग करून घ्यायचं, ओरखडे फार झालेत. फोकसर बदलायचा, सध्याचा नटाची पकड सुटल्यामुळे खाली घसरतो. आणखी एक चांगला आयपीस. वर्षाला चार अंधाऱ्या रात्रींचं जीपभाडं, मुलामुलींच्या दोन्ही हॉस्टेलसाठी. आणि उरलेल्या पैशांत आठ इंची, एफ/६ चा आरसा आपण स्वतः घासायचा. हसू नका. पुण्यात आयुकात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ सालची हौशी संस्था तिथे आहे, विचारलं तर सांगणारी माणसं आहेत. दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, वरची काच खालच्या काचेवर पुढे-मागे घासत राहायची. वरची आपोआप खोल होत जाते, खालची फुगीर. मग पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. शेवटी फूकोची १८५८ ची चाचणी. एक बारीक दिवा, एक दाढीचं ब्लेड आणि आपला डोळा, एवढ्यावर आरशाच्या पृष्ठभागातला नॅनोमीटरमधला दोष दिसतो. सहा इंची एफ/८ ला गोल आणि अन्वस्त या आकारांतला फरक सुमारे ७० नॅनोमीटर असतो, केसाच्या जाडीचा हजारावा भाग. आठ इंची एफ/६ ला त्याच्या सव्वातीनपट, म्हणजे शिकाऊ हातांना जमेल असा. दहा इंची एफ/४.७ ला आठपट. एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये आपण फायलिंगचा जॉब घासतो, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी सर सही देतात. इथे सही तारा देणार, आणि तो खडूस आहे. मेट्रॉलॉजीच्या सरांनी लॅबचा एक कोपरा द्यायचं तत्त्वतः मान्य केलंय.

शाळेला दुर्बीण द्यायची कल्पना चांगलीच आहे, फक्त दुर्बिणीसोबत दोन माणसंही द्या. महिन्यातून एकदा जाऊन आरसे जुळवणारी आणि मुलांना जुळवायला शिकवणारी. नाहीतर ती लॅबच्या कपाटावर जाळी धरत बसेल. आठ इंची तयार झाली की सहा इंची घेऊन जायला मी पहिली तयार आहे, बुधवारी दुपारी आम्हाला लेक्चर नसतं.

संपादक म्हणतात की अंक हातात पडेल तेव्हा क्लबची मीटिंग व्हायची असेल. ती संध्याकाळी सहाला ठेवा, म्हणजे आम्हालाही मत देता येईल. येताना कुणाकडे जुन्या सीपीयूचा पंखा असेल तर आणा. आपला गेल्या आठवड्यापासून खडखड करतोय.